'पिसो'मधला ओ

कोकणी गायिका लॉर्ना कोर्देरोचं 'पिसो' हे गाणं आमच्या आचरा गावातल्या घरात पहिल्यांदा लावलं, तेव्हा पडवीत तांदूळ निवडणाऱ्या आजीचा हात थांबला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम यांतलं काहीही तिच्या कानाच्या सवयीचं नव्हतं. रामनवमीच्या उत्सवात रामेश्वराच्या देवळात होणारी गाणी-कीर्तनं ऐकत तिचं आयुष्य गेलेलं. तरी ती म्हणाली, ''पिसो म्हणता मगो ती? आमचोच शब्द तो.''

वेडा, खुळा अशा अर्थाचा हा शब्द आमच्या मालवणीत रोजचा आहे. प्रमाण मराठीत तो 'वेडापिसा' या जोडशब्दात उरला आणि संतांच्या अभंगांत देवाचं पिसं लागलं. लॉर्नाच्या गाण्यात तोच शब्द जॅझच्या अंगाने नाचत येतो आणि जराही परका वाटत नाही. असं का व्हावं, याचा विचार मी बरीच वर्षं करतो आहे. माझ्यापुरतं उत्तर त्या शब्दाच्या शेवटच्या स्वरात सापडलं.

मराठीत घोडा, आंबा, वेडा. कोकणीत आणि मालवणीत घोडो, आंबो, पिसो. पुल्लिंगी शब्द संपताना तोंड 'आ' करून सैल पडत नाही, ओठ गोल होतात. ट्रम्पेट फुंकणाऱ्यालाही ओठ आवळून धरावे लागतात. पितळेचा सूर त्या आवळलेल्या ओठांतूनच निघतो. लॉर्ना 'पिसो'चा ओ लांबवते तेव्हा मागच्या वाद्यांच्या आणि तिच्या सुराची जात एकच वाटते. पहिलं अक्षर ती झटक्यात टाकते, तालाच्या किंचित मागे राहते आणि 'सो'वर सगळा श्वास मोकळा करते. बोलताना शब्दावर जसा जोर येईल तसाच तो गाण्यातही येतो. बोली न वाकवता जॅझ गाता येतं, हे तिने दाखवलं. माझ्या दृष्टीने तिचं सगळ्यात मोठं काम हेच.

हे काम तिचं एकटीचं नव्हे. ही गाणी ख्रिस पेरी यांची. मडगावचे हे ट्रम्पेटवादक, संगीतकार आणि बँडप्रमुख. शब्दही बहुतेक त्यांचेच. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांची लिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्या शिक्षणावर गोव्याचे वादक मुंबईला आले, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसू लागले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं त्याच वाटेवरची. लॉर्ना मुंबईतच, गोव्याच्या कुटुंबात वाढली आणि कोवळ्या वयात पेरींच्या बँडबरोबर गाऊ लागली. इंग्रजी गाणीही ती गायची. तिचा भरदार, छातीतून येणारा आवाज ऐकताना शर्ली बॅसी आठवते. पण कोकणी गाताना त्या आवाजाला जी धार येते, ती आईच्या भाषेची.

'बेब्दो' ऐका. शब्द पोर्तुगीज 'बेबदु'वरून आलेला, अर्थ दारुडा. मालवणी कानाला तो 'बेवडो'चा जुळा भाऊ वाटतो, आणि त्यामुळे गाणं सुरू होताच माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. लॉर्ना त्याची टर उडवत नाही आणि त्याच्यावर अश्रूही ढाळत नाही. आवाजात किंचित खरखर आणते, एखादा स्वर जरा तिरका लावून मग सरळ करते. झोकांड्या खाणारा माणूस एका क्षणी खांबाला धरून उभा राहावा, तसा तो स्वर सावरतो. अमेरिकेतल्या ब्लूजमध्ये दुःख असंच ताठ उभं असतं. बिली हॉलिडेच्या गाण्यात ते मला ऐकू येतं आणि इथेही. फरक इतकाच, की इथला माणूस मला आचऱ्याच्या तिठ्यावर भेटलेला आहे.

'नाचुया कुंपासार' या शीर्षकातला 'कुंपास'ही पोर्तुगीजच, 'कंपासु' म्हणजे ताल. चला, तालावर नाचू, एवढंच सांगणं. 'नाचुया' आमचं, 'कुंपास' समुद्रावरून आलेलं, आणि दोन्ही एका दमात. याच नावाचा बारड्रॉय बारेतो यांचा चित्रपट पुढे आला, त्याला 62व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा मान मिळाला आणि पेरींची गाणी नव्या पिढीच्या ओठांवर गेली. त्यातली नायिका पालोमी घोष फार छान आहे. तरी चित्रपट पाहून आलेल्या प्रत्येकाला मी मूळ ध्वनिमुद्रणं ऐकायला सांगतो.

चित्रपटाच्या कितीतरी आधी लॉर्ना गप्प झाली होती. ऐन भरात पेरींची आणि तिची वाट वेगळी झाली आणि दोन दशकांहून जास्त काळ ती मंचावर आली नाही. त्या काळातही लग्नांत, रेडिओवर, कॅसेटींवर तिचा तरुण आवाज वाजतच होता.

या मौनाचा विचार करताना मला आमची गावपळण आठवते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की आख्खा आचरा गाव गुरं, कुत्री, कोंबड्यांसह वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री माळावर झोपड्यांतून राहायचं. तिथे भजनं होतात, फुगड्या होतात. मागे घरं तशीच उभी, चुली थंड, फक्त पिरावाडीकडून समुद्राची गाज. मग पुन्हा कौल मिळतो आणि गाव भरतो. घरात पाऊल टाकल्यावर आपलाच उंबरा थोडा अनोळखी वाटतो.

1995मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्या प्रयत्नांतून लॉर्ना गोव्यात पुन्हा गायला उभी राहिली. त्यानंतरच्या गाण्यांत तिचा आवाज खाली उतरलेला आहे, जड झालेला आहे. पूर्वी जिथे ती स्वरावर उडी घ्यायची, तिथे आता चालत जाते. चाहत्यांना जुनी लॉर्ना हवी असते, ते मी समजू शकतो. मला मात्र ही दुसरी लॉर्नाही तितकीच प्रिय आहे. शब्दाच्या शेवटी ओठ अजून तसेच गोल होतात. ओ थोडा लवकर संपतो, आणि तो संपल्यावर ट्रम्पेट तिच्यासाठी एक मात्रा थांबल्यासारखा वाटतो.