'द व्हॅक्सिन वॉर' पाहताना संशोधकाने काय पाहावं?

पीएचडीच्या तयारीत असलेले ज्युनियर मला नेहमी विचारतात, "सरकारी संस्थेत काही नवं करता येतं का? आणि मुलींना तिथे वरपर्यंत जाता येतं का?" मी त्यांना विवेक अग्निहोत्रींचा 'द व्हॅक्सिन वॉर' (२०२३) बघायला सांगते. अट एकच: नंतर मूळ शोधनिबंधही वाचायचा.

सिनेमाचं एक श्रेय मान्यच करायला हवं. आपल्या पुण्याची एनआयव्ही आणि तिथल्या शास्त्रज्ञ बायका त्याने पडद्याच्या मधोमध आणल्या. २०१९ मध्ये एनआयव्हीच्या संचालक झालेल्या डॉ. प्रिया अब्राहम यांची भूमिका पल्लवी जोशींनी केलीय, आणि ती छान केलीय.

माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमा बघून लक्षात राहते ती या बायकांची घालमेल: घर, दमणूक, कडक बॉस. नेतृत्व म्हणजे सोसणं, असंच वाटायला लागतं. पण या कामात नेतृत्व होतं ते निर्णयांत. मार्च २०२० मध्ये एनआयव्हीने विषाणू वेगळा केला. पुढे तो भारत बायोटेकला दिला आणि लशीच्या निव्वळ विक्रीवर आयसीएमआरला ५ टक्के रॉयल्टी ठरली. फायलींच्या व्यवस्थेत राहून जोखीम घेणं, योग्य भागीदार धरणं, सार्वजनिक पैशाचा परतावा बघणं, ही उद्यमशीलताच की!

माकडांचंच घ्या. पडद्यावर थरार आहे तो माकडं शोधण्याचा. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेला शोधनिबंध उघडा. पहिलं नाव डॉ. प्रज्ञा यादव यांचं. २० माकडं, पाच-पाचचे चार गट, त्यातल्या एका गटाला लस नाहीच. माझ्या मते खरा थरार त्या चौथ्या गटात आहे. तो नसता तर लशीने काही केलं की नाही, हे सांगताच आलं नसतं.

सिनेमा सगळ्यात जास्त घसरतो तो खलनायक निवडताना. इथे प्रश्न विचारणारी पत्रकारच शत्रू ठरते. आता तारखा बघा. कोव्हॅक्सिनला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली ३ जानेवारी २०२१ ला. तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या परिणामकारकतेचे आकडे हातात नव्हते. ७७.८ टक्के हा आकडा 'लॅन्सेट'मध्ये छापून आला नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात "डेटा कुठे आहे?" असं विचारणं हा देशद्रोह नव्हता. आपल्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये गाईड हेच तर विचारतात!

नंतर आकडे आले आणि लस उभी राहिली. म्हणजे प्रश्नांनी या शास्त्रज्ञांचं काम लहान झालं नाही, उलट पक्कं झालं. त्यांना प्रश्नांपासून वाचवायला निघालेला सिनेमा त्यांना जरा कमीच लेखतो.

तेव्हा सिनेमा जरूर बघा. पण बघताना वहीत तीन रकाने पाडा: निर्णय कोणी घेतला, कोणत्या पुराव्यावर घेतला, आणि तो चुकला असता तर उत्तर कोणी दिलं असतं? मुलाखतीला जाताना ही वही जवळ ठेवा.