शिबिरास जाण्यापूर्वी : विपश्यनेच्या 'अनुशासन संहिते'चे एक वाचन

वर्षावास संपला, कठिन चीवरदानाचे कार्यक्रम आटोपले, की विहारात येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा विषय काढतोच. गेल्या वर्षी एका उपासिकेने आपल्या मुलाचा अर्ज आणून आमच्यापुढे ठेवला. मुलगा पंचविशीतला. परीक्षेतील अपयशानंतर त्याची झोप उडालेली आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू. अर्जात आजार व औषधे यांविषयी विचारणा होती. बाईंनी हळू आवाजात विचारले, "सर, एवढी जागा कोरी ठेवली तर चालेल ना? गोळ्यांचे लिहिले तर त्याला घ्यायचे नाहीत."

आम्ही त्यांना आठ दिवसांनी येण्यास सांगितले. दरम्यान अर्जदारांना वाचावयास दिली जाणारी 'अनुशासन संहिता' पुन्हा एकदा, या वेळी पाली ग्रंथ शेजारी ठेवून, वाचली. ही पुस्तिका लहान आहे आणि बहुतेक लोक ती न वाचताच तिच्याखाली सही करतात. वास्तविक शिबिरास जाणाऱ्याने सर्वप्रथम तीच वाचली पाहिजे, कारण काय मिळेल यापेक्षा काय सोसावे लागेल हे ती अधिक स्पष्टपणे सांगते.

प्रथम परंपरेविषयी. सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) यांचा जन्म मंडालेचा. ब्रह्मदेशाचे महालेखापाल असलेले गृहस्थ आचार्य सयाजी ऊ बा खिन (१८९९-१९७१) यांच्याकडे त्यांनी १९५५ पासून चौदा वर्षे साधना केली. १९६९ साली ते भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरे सुरू झाली. ऊ बा खिन यांचे गुरू सया तेजी हे शेतकरी होते, आणि तेजींचे गुरू लेडी सयाडो (१८४६-१९२३) हे पाली पंडित भिक्खू. बुद्धाची मूळ विद्या ब्रह्मदेशात जशीच्या तशी जपली गेली, असे या परंपरेचे सांगणे आहे. इतिहास मात्र थोडा निराळा दिसतो. १८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश गिळला, राजाश्रय संपला आणि सासनाचे रक्षण आता गृहस्थांनीच केले पाहिजे या जाणिवेतून लेडी सयाडोंनी अभिधम्म व ध्यान सामान्य जनांपर्यंत नेले. एरिक ब्राउन यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात हा वृत्तान्त सविस्तर मांडला आहे. सामान्य माणसाने दहा दिवस घर सोडून ध्यानास बसावे ही प्रथा या अर्थी आधुनिक आहे. त्यामुळे तिचे मोल कमी होते असे आम्हांस वाटत नाही. मात्र 'विपश्यना' म्हणजे केवळ हीच पद्धत, असा समज घेऊन कोणी जाऊ नये. महासतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी चार स्थाने आहेत. गोयंकांच्या पद्धतीचा भर शरीरावरील संवेदनांवर आहे, तर त्याच ब्रह्मदेशातील महासी सयाडो (१९०४-१९८२) पोटाच्या वर-खाली होण्याकडे लक्ष द्यावयास सांगत.

आता संहितेकडे वळू. तिचा उत्तम भाग म्हणजे तिचा रोखठोकपणा. पहाटे ४ वाजता घंटा, रात्री साडेनऊला दिवे मालवणे, आणि मधल्या काळात सुमारे दहा तास बैठक. सकाळची न्याहारी, अकराचे जेवण व सायंकाळी पाचला नव्या साधकांस चहा-फळे एवढाच आहार. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन. वाचन, लेखन, दूरध्वनी, माळा, ताईत यांतले काहीही जवळ ठेवता येत नाही. स्त्री-पुरुष वेगळे. ही विश्रांतीची सहल नव्हे आणि संसारातून पळ काढण्याची वाटही नव्हे, हे ती लपवीत नाही. फीविषयीचा नियम तर आम्हांस विशेष आदरणीय वाटतो : शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच, आणि तेही स्वेच्छेने, दान घेतले जाते. 'व्यक्तिमत्त्व विकास व ध्यान' अशा नावाने थंड हवेच्या ठिकाणी जी सशुल्क शिबिरे भरतात, त्यांच्या रंगीत पत्रकांत आम्ही शुल्क पाहिले, भोजनाची वर्णने पाहिली, परंतु ध्यानात त्रास झाल्यास जबाबदारी कोणाची याविषयी एक ओळही आढळली नाही. असो.

पंचशील ही शिबिराची पहिली अट आहे. ती योग्यच आहे. उदानातील मेघिय सुत्त येथे आठवावे. किमिकाळा नदीकाठचे रम्य आम्रवन पाहून मेघियाला तेथे एकट्याने ध्यान करण्याचा मोह झाला. भगवंतांनी दुसरा भिक्खू येईपर्यंत थांबण्यास सांगितले, तरी तिसऱ्यांदा विनवून तो गेलाच. तेथे काम, द्वेष व हिंसा यांच्या विचारांनी त्याला घेरले आणि तो चकित होऊन परतला. अपरिपक्व चित्ताच्या परिपाकासाठी भगवंतांनी त्याला ज्या पाच गोष्टी सांगितल्या, त्यांत पहिली कल्याणमित्र आणि दुसरी शील. एकांत ही त्या यादीत नाही, हे शिबिरार्थीने ध्यानात ठेवावे. शांत जागा मिळाली की मन शांत होते, ही समजूत मेघियाचीही होती. नव्या साधकाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, जुने राग उसळणे, 'उद्या निघूनच जावे' असे वाटणे हे घडू शकते, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

आमचा मुख्य आक्षेप मात्र ज्या ठिकाणी त्या बाईंचे बोट थांबले होते त्याच ठिकाणी आहे. संहिता म्हणते की गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी येऊ नये, ही साधना वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही, आणि स्वयंसेवकांच्या संस्थेला अशा व्यक्तींची काळजी घेणे शक्य नाही. हे प्रांजळ आहे. पण त्यामुळे आपले मन कितपत सोसू शकेल हे ओळखण्याचा भार, ज्याला ते ओळखता येणे सर्वांत कठीण, त्या अर्जदारावरच पडतो. त्याच्याजवळ तर सत्य लपविण्याचे कारणही असते.

संयुक्त निकायातील वेसालीचा प्रसंग या बाबतीत फार बोलका आहे. भगवंतांनी भिक्खूंना अशुभ भावना, म्हणजे देहाच्या किळसवाणेपणाचे चिंतन, सांगितले आणि ते स्वतः अर्धा महिना एकांतात गेले. भोजन नेऊन देणाऱ्याखेरीज कोणी जवळ जावयाचे नव्हते. इकडे भिक्खूंना देहाचा इतका वीट आला की अनेकांनी आपला जीव दिला. परत आल्यावर भगवंतांनी आनंदाला विचारले की संघ असा विरळ का दिसतो. आनंदाने कारण सांगून दुसरा मार्ग शिकविण्याची विनंती केली, आणि तेव्हा आनापानसतीचा उपदेश झाला. अट्ठकथेने या मृत्यूंचे खापर पूर्वजन्मीच्या कर्मावर फोडले आहे. ते स्पष्टीकरण आम्हांस पटत नाही. मूळ सुत्तात जे दिसते ते असे : एकच साधना सर्वांना दिली गेली, शिकविणारा जवळ नव्हता, आणि ध्यानानेही माणसाचा घात होऊ शकतो हे संकलन करणाऱ्या थेरांनी लपविले नाही.

गोयंकांच्या शिबिराचे पहिले साडेतीन दिवस आनापानाचेच असतात, म्हणजे वेसालीतला उतारा येथे आरंभीच दिला जातो, हे न्यायाने म्हटले पाहिजे. परंतु आचार्य जवळ असण्याचे काय? सूचना आणि सायंप्रवचने गोयंकांच्या ध्वनिमुद्रित आवाजात असतात. साहाय्यक आचार्य उपस्थित असतात, दुपारी १२ ते १ या वेळेत त्यांना खासगीत भेटता येते, रात्री नऊनंतरही प्रश्न विचारता येतात. मात्र साधक शेकडो असतील तर एकेकाच्या वाट्याला किती मिनिटे येतील याचा हिशेब वाचकानेच करावा. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाने राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क अशी सहा चरिते सांगून कोणाला कोणते कम्मट्ठान द्यावे याचा विचार केला आहे. धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत प्रसिद्ध केली, आणि 'समाधिमार्ग' लिहून त्यातील साधना मराठी वाचकांपर्यंत आणल्या. त्या व्यवस्थेत शिष्य आचार्याच्या सान्निध्यात राही, आणि त्याची चाल, झोप, जेवण पाहून आचार्य त्याला ओळखी. आजचा शिबिरार्थी अकराव्या दिवशी सकाळी बस पकडतो.

हा केवळ ग्रंथांतला प्रश्न नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या जॅरेड लिंडाल व विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या कष्टदायक अनुभवांचे ५९ प्रकार नोंदविले. भीती, निद्रानाश, स्वत्वाची जाणीव विस्कळीत होणे हे त्यांपैकी काही. २०२४ साली लंडनच्या 'फायनॅन्शियल टाइम्स'ने दहा दिवसांच्या याच शिबिरांनंतर ज्यांची मनःस्थिती ढासळली अशांच्या कथनांवर एक ध्वनिमालिका प्रसिद्ध केली. सहस्रावधी लोक शिबिरातून सुखरूप, पुष्कळसे कृतज्ञ होऊन परततात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. तरीही धोका विरळ आहे म्हणून तो सांगूच नये, असे त्यातून निघत नाही.

दुसरा मुद्दा समर्पणाचा. आचार्य व पद्धती यांच्या स्वाधीन होऊन पूर्ण काळ थांबण्याची अट संहिता घालते, आणि त्याच वेळी अंधश्रद्धेला नकार देते. दहा दिवस एखाद्या पद्धतीची इतर कशाचीही भेसळ न करता परीक्षा घेणे कालाम सुत्ताच्या विरुद्ध आहे असे आम्ही मानीत नाही. पण सोण कोळिविसाचीही गोष्ट आहे. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले, तेव्हा वीणेच्या ताणलेल्या तारांचा दाखला देऊन भगवंतांनीच त्याला सैल केले. पाचव्या दिवसापासून दिवसातून तीनदा तासभर न हलता बसण्याचे अधिष्ठान करावे लागते. गुडघ्याची कळ सोसणे निराळे, आणि तीन रात्री झोप नाही, मनात भलतेच आवाज येत आहेत अशा अवस्थेत 'हेही अनित्य' म्हणत गप्प राहणे निराळे. दुसऱ्या स्थितीत मौन मोडून आचार्यांना सांगावे, आणि घरी जाण्याची वेळ आली तर जावे. त्याने शीलभंग होत नाही. संहितेने हे एका वाक्यात लिहिले असते तर बरे झाले असते.

आमच्या समाजात या शिबिरांवर आणखी एक आक्षेप वर्षानुवर्षे घेतला जातो, तो म्हणजे डोळे मिटून बसल्याने अन्याय दिसेनासा होतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी भिक्खू हा परिपूर्ण पुरुष की समाजसेवक, असा प्रश्न उपस्थित केला आहे, हे विसरता येत नाही. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी संहिता वाचलेली नसते आणि सम्मा सतीही मार्गातून वगळलेली असते. ज्यांना साधनेबरोबर चर्चा व सहवास हवा, त्यांच्यासाठी लोणावळ्याजवळ भाजे येथे त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या (पूर्वीच्या त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या) परंपरेतील शिबिरे आहेत. तेथे आनापानसती व मैत्रीभावना या दोन साधनांवर भर असतो. कोणास काय मानवेल हे ज्याचे त्याने, शक्यतो ओळखीच्या कल्याणमित्राशी बोलून, ठरवावे.

आठ दिवसांनी बाई आल्या तेव्हा आम्ही त्यांना वेसालीची गोष्ट सांगितली आणि गोळ्यांची माहिती खरी लिहावी, आमच्या वा कोणाच्याही सांगण्यावरून गोळ्या बंद करू नयेत, असेही सांगितले. मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिले. केंद्राने डॉक्टरांचे मत मागविले, आणि डॉक्टरांनी तूर्त थांबावयास सांगितले. बाई आमच्यावर थोड्या रुष्ट झाल्या, ते स्वाभाविक होते. मुलगा आता रविवारी विहारात येतो, वंदनेनंतर वीस मिनिटे आमच्याजवळ श्वासाकडे लक्ष देऊन बसतो, आणि मग ग्रंथालयातील कपाटांच्या याद्या करू लागतो. पुढील अर्ज केव्हा भरावयाचा हे त्याने अद्याप विचारलेले नाही.