रिसॉर्टमधील यंत्रे आणि आतिथ्याची कल्पना

सुट्टी घालविण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या रिसॉर्टमध्ये गेल्या दशकभरात जी नवी साधने आली, त्यांची चर्चा बहुधा दोनच अंगांनी होते. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक त्यांतील खर्चाची बचत मोजतात आणि जाहिरातकार त्यांतील नावीन्याचे वर्णन करतात. खोलीतील बोलके यंत्र, दाराचे विद्युत्-कुलूप आणि पाहुण्याच्या खिशातील मोबाइल ॲप यांच्यामुळे यजमान व पाहुणा यांच्या संबंधाचे स्वरूप कसे पालटते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक आक्षेप लक्षात घेणे आवश्यक आहे. 'अतिथी' या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती 'ज्याच्या येण्याला तिथी नाही तो' अशी सांगितली जाते. रिसॉर्टमध्ये येणारा मनुष्य महिना-दोन महिने आधी आरक्षण करून, पैसे भरून येतो. तो गिऱ्हाईक होय. त्याच्या संदर्भात आतिथ्याची भाषा वापरणे हा निव्वळ भावुकपणा आहे, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे. पाहुण्याच्या आगमनाची तिथी ठरलेली असली, तरी त्याच्या गरजांची तिथी ठरलेली नसते. मध्यरात्री मुलाला ताप येतो, प्रवासाने थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला जिना चढवत नाही, कोणाला केवळ एकांत हवा असतो. अशी न ठरलेली गरज ओळखणे हाच पैशाच्या व्यवहारातही शिल्लक राहणारा आतिथ्याचा अंश आहे. यंत्रांची परीक्षा याच कसोटीवर करावयास हवी.

पहिले उदाहरण जपानमधील आहे. नागासाकी प्रांतात सासेबो येथील 'हाउस टेन बॉस' या उद्यानाच्या आवारात जुलै २०१५ मध्ये 'हेन-ना हॉटेल' सुरू झाले. स्वागतकक्षात यंत्रमानव, सामान वाहून नेण्यासाठी यंत्रमानव आणि खोलीत पाहुण्याशी बोलणारी एक यांत्रिक बाहुली, अशी तेथील योजना होती. जानेवारी २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून बातमी आली, की तेथील २४३ यंत्रमानवांपैकी निम्म्याहून अधिक सेवेतून काढून घेण्यात आले आहेत. कारणे उद्बोधक होती. एका पाहुण्याच्या घोरण्याचा आवाज ही आज्ञा आहे असे समजून खोलीतील बाहुली त्याला पुन:पुन्हा जागे करी आणि आपले म्हणणे परत सांगण्याची विनंती करी. शेजारच्या उद्यानाची वेळ कोणी विचारली तर तिला सांगता येत नसे. यावर हसणे सोपे आहे. परंतु यातील दोष केवळ तांत्रिक अपूर्णतेचा नाही. बाहुलीला ध्वनी ऐकू येत होता. तो ध्वनी करणारा मनुष्य झोपला आहे, ही परिस्थिती तिच्या कक्षेत नव्हती. दारावरून जाणारा साधा नोकरही घोरणे ऐकून पाऊल हलके टाकतो. या हलक्या पावलाला सेवांच्या यादीत स्थान नसते, म्हणून यादी पाहून घडविलेल्या यंत्रातही ते उतरत नाही.

दुसरे उदाहरण किल्लीचे. ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतातल्या 'येगरव्हिर्ट' या हॉटेलच्या संगणकांवर जानेवारी २०१७ मध्ये खंडणीखोरांनी कब्जा मिळविला. पाहुणे खोल्यांत कोंडले गेले, अशी वार्ता जगभर पसरली. ती चुकीची होती. वस्तुस्थिती अशी, की दारे उघडणारी नवी कार्डे तयार करण्याची यंत्रणा बंद पडली आणि नव्याने येणाऱ्यांना खोली देणे अशक्य झाले. मालकाने सुमारे १५०० युरोंची खंडणी बिटकॉइनच्या रूपाने दिली आणि पुढे साध्या धातूच्या किल्ल्यांकडे परतण्याचा मनोदय जाहीर केला. खोट्या वार्तेपेक्षा हे सत्य अधिक विचारप्रवर्तक आहे. यजमान आपल्याच घराच्या दारात उभा होता, पाहुणा समोर होता, खोली रिकामी होती. तरीही 'या' म्हणण्याचा अधिकार यजमानाच्या हाती उरला नव्हता.

तिसरे उदाहरण सर्वांत यशस्वी, आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे आहे. फ्लोरिडातील 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' या अवाढव्य रिसॉर्टने २०१३ मध्ये 'मॅजिकबँड' नावाचे मनगटी साधन आणले. खोलीचे दार, उद्यानाचे प्रवेशद्वार आणि दुकानातील देणे ही तिन्ही कामे या एका पट्ट्याने होत. जोडीला मोबाइल ॲप होते. येथे यंत्र फसले नाही. परंतु या सोयीबरोबर काय आले, ते पाहावे. 'फास्टपास प्लस' या विनामूल्य पद्धतीत रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्यांना कोणत्या खेळासाठी केव्हा जायचे ते साठ दिवस आधी ठरविता येई. २०२१ मध्ये तिच्या जागी सशुल्क 'जीनी प्लस' आली. तीत पहिली निवड सकाळी सात वाजता ॲपवर करावी लागे. जुलै २०२४ मध्ये तीही पालटून, तेथे उतरणाऱ्यांना सात दिवस आणि इतरांना तीन दिवस आधी आरक्षण देणारी, पुन्हा सशुल्कच, पद्धत सुरू झाली. विश्रांतीसाठी आलेल्या मनुष्याने सात वाजता उठून मोबाइलवर घाई करावी, हा विरोधाभास सहज दिसतो. त्याहून खोल गोष्ट अशी, की रांगेत उभे राहण्याचे दु:ख कमी करणारे साधन हळूहळू रांग चुकविण्याच्या हक्काची विक्री करणारे दुकान बनले. ज्याच्या इच्छेला तिथी नाही, तो येथे मागे पडतो.

या विवेचनावरून यंत्रांचा सरसकट निषेध करणे अन्यायाचे होईल. ज्याचे हात चालत नाहीत त्याला आवाजाने दिवा लावता येणे, ज्याला ऐकू येत नाही त्याला लेखी निरोप मिळणे, रात्री उशिरा पोचलेल्याला थेट खोलीत जाता येणे, हे लहान लाभ नव्हेत. शिवाय माणसाने केलेले आतिथ्य नेहमीच निर्मळ असते असेही नाही. पाहुण्याचे कपडे, भाषा, जात वा वर्ण पाहून यजमानाचा स्वर बदलतो, हा अनुभव जगभरचा आहे. अशा पाहुण्याला यंत्राचा तटस्थपणा हा दिलासाच वाटेल.

पण हा तटस्थपणाही तपासून घ्यावा लागतो. हेन-ना हॉटेलच्याच टोकियो डिस्नेजवळील शाखेत पलंगाशेजारी ठेवलेल्या यंत्रमानवाच्या कॅमेऱ्यातून परक्यास खोलीत डोकावता येईल, असा दोष २०१९ मध्ये उघड झाला व कंपनीला क्षमा मागावी लागली. नोकर जे पाहतो ते बहुधा विसरतो. शिवाय तो पाहतो आहे हे आपल्याला दिसत असते. यंत्राच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

तेव्हा निकष असा मांडता येईल: खोलीतील साधन किती कामे करते, यापेक्षा पाहुण्याला ते नाकारता येते काय, हे पाहावे. भिंतीवरील बटण, धातूची किल्ली आणि स्वागतकक्षात निर्णय घेण्याचा अधिकार असलेला एक जागा मनुष्य, ही तीन गोष्टी शिल्लक असतील तर यंत्र हे साधन राहते. त्या काढून टाकल्या, की तेच यजमान होते. आणि ज्याला 'हे माझ्या यादीत नाही, पण मी पाहतो' असे म्हणता येत नाही, त्याला यजमान म्हणता येणार नाही. व्यवस्थापनाच्या हिशेबात या वाक्याची किंमत मांडलेली नसते. परंतु मनुष्यबळ कमी करण्याचा ठराव होतो तेव्हा प्रत्यक्षात कपात होते ती याच वाक्याची.