दुसरी बंदूक : शस्त्र अधिनियमातील एका संख्येची चिकित्सा

१९५९च्या शस्त्र अधिनियमातील तिसऱ्या कलमाला १९८३ साली एक पोटकलम जोडण्यात आले आणि एका व्यक्तीने जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे बाळगावीत अशी मर्यादा घालण्यात आली. २०१९च्या नोव्हेंबरात लोकसभेत आलेल्या दुरुस्ती-विधेयकात ही मर्यादा एकावर आणण्याचे योजिले होते. डिसेंबरात विधेयक संमत झाले तेव्हा मात्र एकाचे दोन झाले होते. नागरिकाने स्वसंरक्षणार्थ एका बंदुकीच्या जोडीला दुसरी राखीव बंदूक बाळगावी काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने अशा रीतीने होकारार्थी दिले आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु अधिनियमाचा पाठ बारकाईने वाचल्यास हा समज टिकत नाही.

दुसऱ्या बंदुकीला सवलत मिळाली ती आत्मरक्षणाच्या विचारातून नव्हे. विधेयकाला झालेला विरोध प्रामुख्याने घराण्यात चालत आलेल्या शस्त्रांविषयी आणि नेमबाजीविषयी होता. वारसाहक्काने मिळणाऱ्या शस्त्रांनाही दोनांची मर्यादा लागू राहील, असे दुरुस्त कलमातच सांगावे लागले, यावरून चर्चेचा रोख कळून येतो. म्हणजे ‘दोन’ ही संख्या तडजोडीतून निघाली. तिच्यामागे धोक्याचे कोणतेही मोजमाप नाही. अशा संख्येतून तत्त्व काढू पाहणे म्हणजे तालुक्याच्या सीमेवरून जमिनीचा कस ठरविण्यासारखे आहे.

खरे तत्त्व तेराव्या कलमात आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. संरक्षणासाठी वा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अन्यथा आडकाठी नसल्यास, परवाना द्यावा असे हे कलम म्हणते. इतर सर्व शस्त्रांबाबत मात्र अर्जदाराजवळ ‘सबळ कारण’ आहे अशी परवाना-अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. घरात भिंतीला टांगलेली लांब बंदूक आणि कपड्यांखाली दडविता येणारे पिस्तूल यांत कायद्याने केलेला हा भेद मार्मिक आहे. अंगावर वागवायची राखीव बंदूक ही लांब नळीची असू शकत नाही. ती रिव्हॉल्व्हर वा पिस्तूलच असणार, आणि तिला सबळ कारण द्यावेच लागणार. ते कारण कोणते? जिवाला असलेला धोका हे कारण पहिल्या परवान्याच्या वेळीच सांगून झालेले असते. तोच धोका दुसऱ्यांदा कारण म्हणून मांडता येत नाही.

यावर उत्तर दिले जाते ते असे, की शस्त्र ऐन वेळी अडते, काडतूस फुटत नाही, झटापटीत पहिले पिस्तूल हातातून जाते. हे खोटे नाही. कित्येक देशांतील पोलीस दुसरे लहान पिस्तूल जवळ बाळगतात ते याचमुळे. परंतु पोलिसाला चकमकीपासून मागे हटण्याची मुभा नसते. नागरिकाला ती असते. भारतीय दंडसंहितेतील खाजगी संरक्षणाचा हक्क, जो १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला आहे, धोक्याची भीती असेतोवरच टिकतो, आवश्यकतेहून अधिक इजा करू देत नाही आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल तर मुळीच उरत नाही. राखीव बंदुकीचा युक्तिवाद लांबत जाणारी चकमक गृहीत धरतो. कायदा शक्य तितक्या लवकर संपणारा प्रसंग गृहीत धरतो. शिवाय पहिली बंदूक अडू शकते म्हणून दुसरी हवी, तर दुसरीही अडू शकते म्हणून तिसरी का नको, याला या युक्तिवादापाशी उत्तर नाही.

तथापि शस्त्र बाळगण्याचा पक्ष इतक्यावर निकालात काढणे मराठवाड्यात तरी अप्रस्तुत होईल. १९४७-४८ साली हैदराबाद संस्थानातील खेडी रझाकारांच्या तोंडी सापडली तेव्हा संरक्षणासाठी धाव घ्यावी असे सरकारच उरले नव्हते. सरहद्दीवरील कॅम्पांतून जो सशस्त्र प्रतिकार झाला त्याचे समर्थन याच वस्तुस्थितीत आहे. पण त्या प्रतिकाराचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. तो संघटित होता. कोणाच्या तरी आज्ञेने चालणारा आणि कोणाला तरी जाब देणारा होता. आणि रझाकार तरी कोण होते? तेही सैनिक नव्हते. एका संघटनेचे सशस्त्र स्वयंसेवक, म्हणजे नागरिकच होते. पोलीस कारवाईनंतर नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये पंडित सुंदरलाल समिती संस्थानात फिरली. मुस्लिम गावकऱ्यांकडून शस्त्रे काढून घेतली गेली आणि हिंदूंकडील शस्त्रे मात्र पुष्कळदा तशीच राहिली, अशी नोंद तिच्या अहवालात आहे. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा हे जिल्हे तिने सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदविले. संकट एकेकाजवळच्या बंदुकांच्या संख्येतून आले नव्हते. शस्त्र कोणाच्या हाती राहू दिले गेले, यातून ते आले होते.

नेमक्या त्याच सुमारास, डिसेंबर १९४८च्या आरंभी, घटना समितीत शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर चर्चा झाली. सभागृहात हैदराबादचा प्रतिनिधी त्या वेळी नव्हता. ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी उपसूचना मांडली. त्यांच्या पाठीशी काँग्रेसचा १९३१चा कराची ठराव होता. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा प्रसंगी राज्यासाठी शस्त्र हाती घेण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, हे त्यांच्या उत्तराचे सार. या उत्तराचा एक भाग आज लंगडा वाटतो. हक्क सरसकट दिल्यास तो ‘गुन्हेगार जमातीं’नाही मिळेल ही भीती त्यांनी पुढे केली; ज्या कायद्याने माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरत, तो १९५२ साली रद्द झाला, आणि जातिभेदावर घणाघात करणाऱ्या विचारवंताच्या तोंडी हा दाखला शोभत नाही. परंतु हक्काऐवजी कर्तव्य हा त्यांचा मुख्य मुद्दा त्यामुळे ढळत नाही. कर्तव्यात हिशेब देणे येते. ‘जवळ किती बंदुका असाव्यात’ या प्रश्नाऐवजी ‘या बंदुकीचा जाब कोण, कोणाला देणार’ हा प्रश्न त्यातून निघतो, आणि दुसऱ्या बंदुकीच्या समर्थकांपाशी त्याचे उत्तर सापडत नाही.

प्रत्यक्ष प्रशासनही याच दिशेने जाते. निवडणूक आली की जिल्ह्यातील छाननी समिती परवान्यांचा आढावा घेते आणि अनेक परवानाधारकांना शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. तेढ वाढली की बंदूक घरात नको असेच राज्याला वाटते. आत्मरक्षणाच्या युक्तिवादाला मात्र नेमक्या त्याच दिवसांत ती घरात हवी असते. डिसेंबर २०२४मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती. अपहरण करून मारहाणीत त्यांचा जीव घेण्यात आला. तरीही त्यानंतर जिल्ह्यातील बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेचा विषय झाले आणि प्रशासनाने त्यांतील शंभरावर परवाने रद्द केले. त्या प्रत्येक परवान्याच्या अर्जावर कधीकाळी कोणते तरी कारण लिहिले गेले होते आणि कोणत्या तरी अधिकाऱ्याची खात्री पटलेली होती. तेराव्या कलमातील ‘सबळ कारण’ या दोन शब्दांचा अर्थ मराठवाड्यातील जिल्हा कार्यालयांत प्रत्यक्षात कसा लावला गेला, याचा शोध पदव्युत्तर अभ्यासकाने या अर्जांपासूनच सुरू करावयास हवा.