कॉम्प्लेक्सचं लाईट बिल

'कल्की २८९८ एडी' मी पहिल्यांदा पाहिला हैदराबादच्या थिएटरात, २०२४ मध्ये. दुसऱ्यांदा सिरोंचाला घरी, बाबांसोबत, फोनवर. आमच्या घरात बोलणं मराठी आणि सिनेमा तेलुगू, हे ठरलेलंच आहे. काशी उजाड, गंगा आटलेली आणि पाणी, झाडं, चांगलं अन्न सगळं वर तरंगणाऱ्या 'कॉम्प्लेक्स'मध्ये. ते बघून बाबा म्हणाले, "एवढं पाणी वर चढवायला लाईट किती लागत असेल रे?"

थिएटरात मला हा प्रश्न सुचला नव्हता. खरं तर सुचायला हवा होता. आमच्या गावाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. तिथून खाली मेडीगड्डा बॅरेज आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं. कालेश्वरम प्रकल्पात गोदावरीचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून तेलंगणात नेतात. अलीकडच्या काठावर सिरोंचा तालुक्यातले शेतकरी बॅकवॉटरमध्ये जमिनी बुडतात म्हणून मोबदल्यासाठी आंदोलनं करत आलेत. जुलै २०२२ च्या पुरात इथल्या कितीतरी गावांमधून लोकांना हलवावं लागलं. पाणी कोणाकडे जातं आणि काठावर कोण उरतं, हे दिग्दर्शक नाग अश्विनने बरोबर पकडलंय.

पण पुढे सिनेमा सोपी वाट धरतो. सगळ्याच्या मुळाशी एक यास्किन आहे, आणि त्याला संपवणारा अजून जन्मायचाय. म्हणजे आपण फक्त वाट बघायची. मेडीगड्डामागे कोणी यास्किन नाही. २०१६ चा दोन राज्यांचा करार आहे, त्यात पाण्याची पातळी १०० मीटर ठरलेली आहे. करार वाचता येतो, त्यावर भांडता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे काही खांब खचले, तेव्हा राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने नियोजन, डिझाइन, गुणवत्ता आणि देखभालीतल्या चुका दाखवल्या. सॉफ्टवेअरमध्येही सिस्टीम कोसळली की आम्ही खलनायक शोधत नाही, कुठल्या निर्णयाने कोसळली ते शोधतो.

प्रलयाच्या सिनेमांची दुसरी अडचण म्हणजे त्यांना सगळ्यांचा शेवट एकदम हवा असतो. '२०१२' या हॉलिवूडपटात जवळजवळ अख्खं जग बुडतं. प्रत्यक्षात काहींचंच बुडतं आणि बाकीच्यांना बातमीसुद्धा लागत नाही. पाणी ओसरलं की घरातला चिखल काढायचा, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघायची, पुन्हा बियाणं आणायचं.

म्हणून मला 'कल्की'त अमिताभचा अश्वत्थामा सगळ्यात खरा वाटला. युद्ध संपलं, युग बुडालं, तरी हा कपाळावरची जखम घेऊन जगतोच आहे. शेवट झाल्यावर उरणं म्हणजे काय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. सिनेमा मात्र त्याला तिथे फार वेळ थांबू देत नाही, लगेच हाणामारीला लावतो.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. दुसऱ्या भागात कॉम्प्लेक्सचं लाईट बिल कोण भरतं एवढं दाखवलं, तरी मी पहिल्या दिवशी पहिल्या शोला जाईन. बाबांनाही नेईन.