रामालू कोण होता?

पन्नाशी ओलांडलेल्या चार माणसांत ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वळणाने जातात. आधी मुखपृष्ठे आठवतात, मग कोणी कोणाचा अंक नेऊन परत दिला नाही त्याची जुनी भांडणे निघतात. थोड्या वेळाने कोणीतरी आवाज खाली आणून विचारतो, “वेताळाच्या बापाला मारत्यात, तो अंक आठवतोय का?” पेठ वडगावात गेल्या दोन-तीन वर्षांत मी हा विषय अनेकांजवळ मुद्दाम काढला. त्यांत किराणा दुकानदार होते, निवृत्त शिक्षक होते, साखर कारखान्यात आयुष्य गेलेले होते. बाकी सगळ्यावर मतभेद झाले, या एका गोष्टीवर झाले नाहीत. लहानपणी चित्रकथेने हादरवले ते याच ठिकाणी, असे बहुतेकांनी सांगितले.

त्या धक्क्याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आम्हाला बसलेला धक्का खरा होता, पण अर्धा होता. उरलेला अर्धा आमच्या हातात अंक पडण्यापूर्वीच संपादकीय टेबलावर काढून घेतला गेला होता. तो मला मिळाला चाळिशीनंतर.

भुताचे मरण

‘फँटम’ ही ली फॉक या अमेरिकन लेखकाची निर्मिती. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्री चित्रपट्टी म्हणून तिची सुरुवात झाली. भारतात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका काढली. ती १९९० पर्यंत चालली आणि तिचे आठशेहून अधिक अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर काही भारतीय भाषांतून ती घरोघरी गेली. बंगालीत फँटम ‘अरण्यदेव’ झाला. हिंदीत आणि मराठीत तो वेताळ झाला.

हे नामकरण वाटते तेवढे साधे नाही. ‘अरण्यदेव’ हे घडवलेले नाव आहे, पण वेताळ मराठी पोराच्या आधीच ओळखीचा होता. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळबाबा होता. कोकणात आणि गोव्यात तर त्याची देवळे आहेत. ‘चांदोबा’त दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत बोलत होते, तोही वेताळच. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाला जो मुखवट्यातला माणूस दिसला, तो आमच्याकडे भुतांचा राजा म्हणून आला. जंगलात त्याला ‘मरण नसलेला’ म्हणतात, यात आम्हाला नवल वाटले नाही. जो मुळात भूतच आहे तो मरेल कशाला?

म्हणूनच त्याच्या मरणाचा धक्का आमच्याकडे दुप्पट होता. मालिकेच्या पहिल्याच अंकात वेताळाच्या कमरेच्या पट्ट्याची गोष्ट आहे. विसाव्या वेताळाला एक खुनी दग्याने मारतो आणि त्याचा पट्टा पळवतो. मुलगा, म्हणजे आपला एकविसावा वेताळ, बापाची जागा घेतो आणि पुढे त्या पट्ट्याचा माग काढतो. मी ही गोष्ट मुखपृष्ठ गेलेल्या, दोऱ्याने शिवलेल्या जुन्या अंकात वाचली. तोपर्यंत वीस-पंचवीस अंक वाचून झाले होते आणि चारशे वर्षे तोच एक माणूस लढतो आहे अशी माझी समजूत होती. क्रमाने वाचायला मिळण्याची सोयच नव्हती. जो अंक हाती येईल तो वाचायचा. त्यामुळे मालिकेच्या आरंभीचे रहस्य माझ्यासारख्या अनेकांना मध्येच कुठेतरी, तयारी नसताना सापडले.

अमेरिकन सुपरहिरोंच्या धक्कादायक कथांची जात वेगळी आहे. जून १९७३ च्या अंकात स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरते, तेव्हा तिकडचा वाचक हादरला, कारण ती त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेली होती. १९८८ मध्ये बॅटमॅनचा साथीदार दुसरा रॉबिन जगावा की मरावा, हे वाचकांनाच फोन करून ठरवायला सांगितले. ५,३४३ मते मारा म्हणणारी आली आणि ५,२७१ जगवा म्हणणारी. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारले आणि पुढच्याच वर्षी परत आणले. या साऱ्यांत मरण ही मालिकेतली एक घटना आहे. ती जाहीर होते, विकली जाते, कधी मागेही घेतली जाते. वेताळाच्या गोष्टीत मात्र वाचायला सुरुवात करण्यापूर्वीच वीस वेताळ मरून गेलेले असतात. कवटीच्या गुहेत त्यांची थडगी ओळीने असतात. जंगलाला हे ठाऊक नसते, फक्त वाचकाला ठाऊक असते. आमच्यापैकी अनेकांना या धक्क्यासोबत एक अभिमानही आठवतो, तो या गुपिताचा. आपल्याला ठाऊक आहे आणि जंगलाला नाही, ही भावना दहा वर्षांच्या मुलासाठी लहान नव्हती.

आणि ते गुपित पचवायला आम्हाला फारसे कष्ट पडले नाहीत. वडगाव हे धनाजी जाधवांच्या समाधीचे गाव, आणि कोल्हापूर हे गादीचे शहर. माणूस जातो, गादी राहते, हे इथल्या पोराला शाळेच्या आधी घरी कळते. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा दत्तक आला आणि शाहू छत्रपती झाला. गादी बसणाऱ्यापेक्षा मोठी असते, हे यापेक्षा वेगळे काय सांगते? वेताळ मरतो हा धक्का होता, पण वेताळपण मरत नाही हे लगेच पटले. लेखकाच्या कल्पनेपेक्षा आमच्या मातीचा वाटा त्यात मोठा होता असे मला वाटते.

आठवणींबद्दल एक सावधगिरी इथेच नोंदवतो. “लग्नाच्या अंकात वेताळाचा चेहरा दाखवलाय, मी स्वतः बघितलाय,” असे मला दोघांनी छातीठोकपणे सांगितले. वेताळ आणि डायनाचे लग्न मूळ पट्टीत १९७७ मध्ये झाले, जुळी मुले १९७९ मध्ये झाली. पण वाचकाला चेहरा दाखवायचा नाही हा फॉकचा नियम होता. ज्याने वेताळाचा चेहरा पाहिला तो भयंकर मरणाने मरतो, अशी जंगलातली म्हणच होती. मग या दोघांनी काय पाहिले? मला वाटते, त्यांनी आपली इच्छा पाहिली. वाचकांच्या आठवणींवर विसंबून लिहिताना हे विसरून चालत नाही. म्हणून प्रत्येक आठवण छापील पानाशी ताडून पाहण्याची सवय मी लावून घेतली. त्या सवयीनेच मला पुढचा धक्का दिला.

एका अक्षराचा फरक

विसाव्या वेताळाच्या खुन्याचे नाव आमच्या पिढीला पाठ आहे. रामालू. वडगावात कोणी मित्राशी दगाफटका केला की “रामालू हाईस तू” असे आम्ही म्हणत असू. काही वर्षांपूर्वी मूळ इंग्रजी पट्ट्यांचे पुनर्मुद्रण माझ्या हाती आले. त्यात त्या खुन्याचे नाव रामालू नाही. ते राम आहे.

मग मी बाकीची नावे पाहिली. पहिल्या वेताळाच्या बापाला १५३६ मध्ये मारणारे समुद्री चाचे इंद्रजालमध्ये ‘सिंगा’ चाचे आहेत. मूळ पट्टीत ती ‘सिंग’ टोळी आहे, आपल्याकडच्या शीख-राजपुतांच्या नावातले ‘सिंग’. वेताळाचा देश इंद्रजालमध्ये ‘डेंकाली’. मूळ पट्टीत सुरुवातीला तो बंगालच्या नावाशी जोडलेला आहे. पुढे ‘बंगाला’ असे रूप झाले आणि देश आफ्रिकेकडे सरकला. म्हणजे फॉकच्या मूळ गोष्टीत बापाचा पहिला खून करणारे सिंग, विसाव्या वेताळाचा खून करणारा राम, आणि त्या काळ्या-सावळ्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या न्याय करणारा एक गोरा माणूस. ज्या दगाबाजाच्या नावाने आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या, तो आमच्यातलाच होता.

संपादकांनी हे का बदलले असेल ते समजणे अवघड नाही. रामाला खुनी आणि सिंगांना लुटारू दाखवणारे मासिक या देशात विकता आले नसते. हा बदल मी एका बालमित्राला सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मग बरंच केलं की त्यांनी. रामानं वेताळाला मारलं असं छापलं असतं, तर आमच्या आईनं पुस्तक चुलीत घातलं असतं. तुला न् मला वेताळ भेटलाच नसता.”

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. अनुवाद म्हणजे नुसते शब्द बदलणे नव्हे. गोष्ट नव्या घरात राहू शकेल अशी करणे हेही त्यात येते. परक्या गोष्टी आपल्याशा करून घेणे हे वाचकांचे जुने काम आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ वाघी खोऱ्यात तर लढवय्यांनी युद्धाच्या ढालींवर फँटम रंगवला, कारण तो मरत नाही. तिथल्या माणसांनी फॉकला विचारले नाही. आम्हीही विचारले नव्हते.

तरीही माझे समाधान होत नाही. डॉर्फमन आणि मातलार यांनी १९७१ मध्ये चिलीत डोनाल्ड डकच्या कथांवर पुस्तक लिहिले आणि अशा निरागस कथांतून कोणाची सत्ता नैसर्गिक ठरवली जाते हा प्रश्न विचारला. तो प्रश्न वेताळाला आम्ही विचारू शकलो नाही, कारण प्रश्न ज्या नावांतून सुचला असता ती नावेच पुसली होती. ‘रामालू’ कुठलाच नव्हता, ‘डेंकाली’ कुठेच नव्हती. त्यामुळे जंगलातले लोक आणि त्यांचा गोरा रक्षक यांच्यातले नाते आम्हाला परीकथेतल्यासारखे वाटले. नावे बदलून आपली अब्रू राखली, असा माझ्या मित्राचा समज आहे. मला वाटते, राखली गेली ती फॉकची. त्याची नजर किती तिरकी होती हे त्यामुळे झाकले गेले.

बहादूरचा बाप

यावर कोणी म्हणेल, खलनायक आपलाच निघाला तर भारतीय मुलाला ते सोसवले नसते. याचे उत्तर त्याच मालिकेत आहे. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी ‘बहादूर’ निर्माण केला; चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. केशरी कुर्ता, खाली जीन्स, मुखवटा नाही. बहादूर हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या हातून मरतो आणि त्याला वाढवतो तो पोलीस अधिकारीच. पोराच्या मनात सूड असतो. पुढे बाप कसा होता हे त्याला कळते, तेव्हा तो सूड सोडतो आणि डाकूंशी लढायला गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायणांपुढे शस्त्रे ठेवली त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिला वेताळ बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. त्याचा बाप निर्दोष आहे आणि दुष्टपणा समुद्रावरून येतो. बहादूरला अशी सोय नाही. त्याचा बाप दोषी आहे आणि दुष्टपणा त्याच्या घरातला आहे. पण इथे दोषी आपला, न्याय करणारा आपला आणि सुधारणाराही आपलाच. मूळ फँटममध्ये दोष तेवढा आमच्या वाट्याला होता, न्याय नव्हता. फरक एवढाच आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. ‘खलनायक आपला नको’ ही भीती १९७६ पर्यंत त्याच प्रकाशनाने मागे टाकली होती, आणि आमची पोरे ते वाचून बिघडली नाहीत.

मग गप्पांत रामालू आधी आणि बहादूरचा बाप उशिरा का निघतो? रामालू दूरचा होता, त्याच्यावर मोकळेपणाने चिडता येत होते. बहादूरची गोष्ट लोक एकेकटे असताना सांगतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे वडील फार पूर्वी पैशांच्या एका प्रकरणात अडकले होते. घरात तो विषय कधी निघत नसे. त्यांनी बाकीचे सारे अंक रद्दीत घातले, बहादूरच्या जन्मकथेचा तेवढा ठेवला. “हे पोरगं बापाला सोडत न्हाई आन्‌ बापाची बाजूबी घेत न्हाई,” असे ते मला म्हणाले. लहानपणच्या चित्रकथेबद्दल याहून नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

त्यांनी तो अंक मला दाखवला, पण हातात दिला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलेला आहे. वाचकांच्या घरी माळ्यावर असे अंक असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. रामालूचा सापडला तर तोही ठेवावा, आणि पुढच्या पिढीच्या हाती देताना त्याचे मूळ नाव काय होते हेही सांगावे.