लखनौचे चित्र आणि आंबापाणीची लढाई : १८५७ च्या उत्कीर्ण युद्धचित्रांची चिकित्सा

प्रास्ताविक :

१८५७ च्या स्वातंत्र्यसंग्रामाची जी दृश्ये आज डोळ्यांसमोर उभी राहतात, त्यांपैकी बरीचशी इंग्रजी उत्कीर्ण चित्रांतून, म्हणजे लाकडी किंवा धातूच्या ठशावर कोरून छापलेल्या चित्रांतून आलेली आहेत. पाठ्यपुस्तके, स्मरणिका व प्रदर्शने यांत ती पुरावा म्हणून मांडली जातात. वस्तुतः चित्र हे घटनेइतकेच ते काढवून घेणाऱ्याच्या दृष्टीचेही साधन असते. प्रस्तुत लेखात खानदेशाशी दूरचा संबंध असलेल्या एका चित्राच्या आधारे या मुद्द्याचा परामर्श घेतला आहे.

चित्र आणि त्याची घडण :

टॉमस जोन्स बार्कर या इंग्रज चित्रकाराने १८५९ मध्ये ‘लखनौची मुक्तता’ या विषयावर भव्य तैलचित्र रंगविले. ॲग्न्यू या कलाव्यापारी पेढीने ते काढवून घेतले होते. पुढे सी. जी. लुईस याने त्यावरून कोरीव ठसा तयार केला व छापील प्रतींमुळे हे दृश्य सर्वत्र पोहोचले. १७ नोव्हेंबर १८५७ रोजी कॅम्पबेल, औट्रम आणि हॅवलॉक यांची झालेली भेट हा त्याचा विषय आहे.

बार्करने ही भेट पाहिलेली नव्हती. एगरॉन लुंडग्रेन या स्वीडिश चित्रकाराच्या भारतातील रेखाटनांचा त्याने आधार घेतला; परंतु लुंडग्रेन येथे आला तो १८५८ मध्ये. हॅवलॉकचा मृत्यू तर २४ नोव्हेंबर १८५७ रोजीच झाला होता. म्हणजे त्रयीपैकी एकाला लुंडग्रेन समोर बसवून रेखाटूच शकत नव्हता. भेटीच्या आदल्या दिवशी सिकंदरबागेत सुमारे दोन हजार भारतीय सैनिक मारले गेले. चित्राच्या केंद्रस्थानी मात्र तो संहार नाही, सेनानींचे हस्तांदोलन आहे. युद्धाचे रूपांतर येथे समारंभात झाले आहे.

खानदेशचा संदर्भ :

या त्रयीतील औट्रम खानदेशाला अपरिचित नाही. १८२५ मध्ये धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी करणारा अधिकारी तोच. चित्रात तो लखनौचा वीर म्हणून उभा आहे. नेमक्या त्याच नोव्हेंबर महिन्यात, पूर्वी कंपनीच्या चाकरीत सेंधवा घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकाने सुमारे सात लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. भिल्ल स्त्रियाही मोठ्या संख्येने कैद झाल्या. खाज्या नाईक १८६० मध्ये मारला गेला, तर भीमा नाईकास अंदमानात पाठविण्यात आले.

दिल्ली, कानपूर, लखनौ, झाशी या नावांभोवती फिरणाऱ्या गाजलेल्या चित्रमालिकांत आंबापाणीला स्थान नाही. विकत घेतल्या जाणाऱ्या चित्राला ग्राहकाच्या ओळखीचे नायक लागतात. डोंगरातील लढाईत तसे नायक नव्हते. जे होते ते इंग्रजी दप्तरात ‘लुटारू’ म्हणून नोंदले गेले.

मूल्यमापन :

यावरून ही चित्रे त्याज्य ठरत नाहीत. गणवेश, शस्त्रे, वास्तू आणि विशेषतः जेत्यांचे मानस समजून घेण्यास ती मोलाची आहेत. दोष त्यांच्या वापरात आहे. इंग्रज विजयाचा गौरव करणाऱ्या चित्राखाली ‘स्वातंत्र्यसंग्रामातील एक प्रसंग’ एवढीच ओळ छापली की मथळा बदलतो. पाहणाऱ्याची जागा मात्र इंग्रजांच्याच बाजूला राहते.

समारोप :

चित्रासोबत चित्रकार, काढवून घेणारा, वर्ष आणि घटनेपासूनचे अंतर यांची नोंद देणे हे इतिहासाच्या अध्यापनातील किमान कर्तव्य मानले पाहिजे. जळगाव-धुळ्याच्या वर्गात औट्रमचे चित्र दाखविले जाईल, तेव्हा आंबापाणीची तारीखही फळ्यावर लिहिली गेली पाहिजे. अन्यथा ज्या लढाईचे चित्र नाही ती लढाई झालीच नाही, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजेल. आणि तो रुजविण्यात अध्यापकाचाही वाटा असेल.